एका दुपारपुरतं दार

सेलू, ३ नोव्हेंबर

आक्का,

“पंकू, तुला घर मिळालं गं, दार न्हाई मिळालं.”

आमच्या फाटकाबाहेर उभी राहून तू हे म्हणालीस, तेव्हा पिंकी तुझ्या कडेवर होती. तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी आमच्या अंगणात राहिली होती, टाचेला शिट्टी असलेली, चालताना वाजणारी. आत्याबाई, माझ्या सासूबाई, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या आणि मी त्यांच्या हाताच्या मागं. तू एका रात्रीपुरती जागा मागत होतीस. जाता जाता तू अजून एक वाक्य बोललीस, ते मी आत्ता लिहीत नाही.

इतक्या वर्षांनी पत्र का, तर फोनवर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवतेस. आणि माझा फोन घरात कुणाच्याही हातात असतो.

मागच्या आठवड्यात आत्याबाईंना घेऊन परभणीला गेले होते. त्यांची शुगर वाढलीय. तिथल्या लॅबमध्ये रक्त घ्यायला एक मुलगी आली, तोंडाला मास्क. तिनं आत्याबाईंचा कागद वाचला आणि आडनावावर बोट ठेवून थांबली. मग म्हणाली, “आजी, हात सैल सोडा. मुंगी चावल्यागत होईल.” सुई बघितली की आत्याबाई किती आरडाओरडा करतात, तुला माहीत आहे. त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “पोरीचा हात लय हलका हाय गं. कुणाची हाय की.”

मला कळलं होतं कुणाची ते. मास्कच्या वर तुझ्याच भुवया होत्या, मधून जवळजवळ जुळलेल्या.

रिपोर्ट विचारायच्या निमित्तानं मी परत आत गेले. ती म्हणाली, “मावशी म्हणू का काकू म्हणू?”

हसत विचारलं तिनं. तुझी बहीण म्हणून मी तिची मावशी. तिच्या बापाच्या, शिवप्रसादभाऊजींच्या, चुलतभावाची बायको म्हणून काकू. दोघी बहिणी एकाच घराण्यात दिल्या म्हणजे एकमेकींना सोबत होईल, असं आपल्या दादांना वाटलं होतं. दोन्हीकडून लागणारी मी, आणि पोरगी मला कागदावरच्या आडनावावरून ओळखते.

“मावशी म्हण,” मी म्हणाले.

“मग मावशी, माझं लग्न जमलंय. चुडाव्याचा मुलगा हाय. मार्गशीर्षात लग्न.” ती काचेच्या नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत बोलत होती. “सोबतच्या पोरींचं जमलं की महिनाभर गडगनेरं चालतेत. आज मामाकडं जेवण, उद्या आत्याकडं. फोटो टाकून टाकून बेजार करतेत. माझं कुणी करंना. करायला हाय कोण?”

रडत बोलली असती तर मी तिला जवळ घेऊन मोकळी झाले असते. ती चिठ्ठ्या चिकटवत राहिली.

मी म्हणाले, “मी करते.”

एवढंच कळवायचं होतं. तुझ्या लेकीचं गडगनेर मी करणार आहे. पुरणाचं जेवण, ओटी, साडी, सगळं रीतीनं. कुठं, ते अजून ठरायचं आहे.

तुझी
पंकू

सेलू, ८ नोव्हेंबर

आक्का,

तुझं उत्तर आलं नाही. पिंकी म्हणाली, “आईनं वाचलं, घडी घातली आन् पिठाच्या डब्यामागं ठेवलं.” पिठाचा डबा रोज हलतो. म्हणजे रोज हाताला लागेल अशा जागी ठेवलं, असा मी अर्थ लावून घेतला. पिंकीचा नंबर मी फोनमध्ये ‘लॅब’ म्हणून ठेवलाय. कुणी बघितलं तर आत्याबाईंचा रिपोर्ट.

आता जागेचं सांगते. घरी करायचा विचार मी मनातसुद्धा आणला नाही, असं लिहिणार होते. ते खोटं होईल. आणला होता. माजघरात पाट कुठं मांडीन, रांगोळी कुठल्या बाजूनं काढीन, इथपर्यंत झालं होतं, आणि मग पलीकडून शिवप्रसादभाऊजींचा खोकला ऐकू आला. ते अजून तिथंच राहतात, भिंतीला भिंत. त्यांची दुसरी बायको कधी कधी भिंतीवरून कढीपत्ता मागते. तिच्या ब्लाउजच्या बाह्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत असतात. मी विचारत नाही, ती सांगत नाही. तू का निघालीस, हे मला कधी कुणाला विचारावं लागलं नाही.

तर बाहेर. आणि बाहेर म्हणजे परवडेल असं, कारण घरखर्चातून मी जे बाजूला ठेवलंय ते साडीत आणि पुरणाच्या सामानातच जाईल. म्हणून आधी देवळाजवळच्या मंगल कार्यालयात गेले. तिथं राधाकिशन बघतो सगळं.

“या, या, वहिनी! किती पानं?”

“दहा-बारा बायका.”

“दहा-बारा?” तो हसायलाच लागला. “वहिनी, एवढी माणसं तर आमच्याकडं न बोलावता येऊन जेवून जातेत.”

“एखादी खोली असंल तर बघ की.”

“खोली हाय ना. नवरी नटती ती. तुमच्याकडून काय घ्यायचं, लाइटीचं तेवढं द्या.” मला इतकं बरं वाटलं आक्का, मी खुर्चीवर बसलेसुद्धा. तेवढ्यात तो म्हणाला, “हरिओमशेठच्या नावानंच लिवतो. संध्याकाळी दुकानावरूनच जातो मी, सांगतो त्यांना, फिकीर करू नका म्हणून.”

तारीख नक्की झाली नाही असं सांगून मी उठले.

हे गाव असं आहे. स्वस्त जागा ओळखीवर मिळते, आणि ओळख ह्यांची आहे. ज्या जागेला ह्यांची ओळख नाही ती मला परवडत नाही. शाळेचा वर्ग विचारला, तिथंही तेच. “शेठना एक फोन करायला सांगा, होऊन जाईल.” सगळे इतके चांगले बोलतात की राग धरायलाही जागा नाही.

पिंकीला सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, तू गडगनेर म्हणायलीस म्हणून समदे विचारायलेत, कुणाचं, कुणाकडून. आमच्या पोरी ब्रायडल शॉवर म्हणतेत. केक, फुगे, दोन-तीन तास, झालं. त्याला भाऊकी लागत न्हाई. तू बी तसंच म्हण.”

मला पटलं. पुण्याकडं केळवण म्हणतात, आपण गडगनेर म्हणतो, ह्या पोरी शॉवर म्हणतात. शब्द बदलला की त्याला लटकलेली सगळी माणसं गळून पडतील, असं वाटलं. स्टेशनकडं जाताना एका लॉजवर पाटी बघितली होती, ‘छोट्या कार्यक्रमासाठी हॉल’. गिरणीत दळणाचा डबा ठेवला आणि तिकडं गेले. दोनदा मागं वळून बघितलं, पण मजाही वाटत होती.

आत एक माणूस टीव्ही बघत होता. मी पाठ केलेलं बोलले, “ब्रायडल शॉवर करायचं होतं. दुपारी. दोन-तीन तासांसाठी.”

“शॉवर समद्या रूमला हाय,” तो टीव्हीकडंच बघत म्हणाला. “गरम पाणी मातर सकाळीच येतंय.”

मला वाटलं, हात धुवायची सोय सांगतोय. “चालतंय की. दुपारी गरम पाणी काय करायचं?”

“दोन तासाला बी भाडं पुऱ्या दिवसाचं. आधार कार्ड दोघांचं लागंल.”

“दोघांचं कशाला? आमी दहा-बारा जण हाव.”

त्यानं टीव्ही बंद केला.

आक्का, तू असतीस तर हसून खाली बसली असतीस. मला कळायला जरा वेळ लागला, आणि कळल्यावर अंगाला दरदरून घाम आला, आणि मग हसू. “अहो, जेवण हो! नवरीचं जेवण!” असं काहीतरी ओरडून मी तोंडाला पदर लावून पायऱ्या उतरले. समोरच्या पानटपरीवर शिवप्रसादभाऊजी उभे होते. त्यांनी आधी लॉजच्या पाटीकडं बघितलं. मग माझ्या हसण्याकडं.

“पंकजा,” ते म्हणाले, “दळण आताशा इकडं बी दळून देतेत का?”

गिरणीत जाऊन डबा उचलला तेव्हा पीठ अजून गरम होतं.

तुझी
पंकू

सेलू, १२ नोव्हेंबर

आक्का,

हे पत्र टपालात कसं पडणार ते मला माहीत नाही. लिहून तर ठेवते. हे दुकानात आहेत, आत्याबाई दुपारच्या पडल्या आहेत.

मी पीठ घेऊन घरी पोचायच्या आधी गोष्ट घरी पोचली होती. ह्यांनी आवाज चढवला नाही. तू ह्यांना ओळखतेस. ह्यांनी कधी हात उचलला नाही, आणि त्याबद्दल मला लोक भाग्यवान म्हणतात, तुझ्याकडं बोट दाखवून. जेवण झाल्यावर फक्त म्हणाले, “उद्यापासून दळण दुकानातला माणूस टाकीत जाईल.” दुसऱ्या दिवशी किराणा घरी आला. मग भाजीवाला दारात. मग बांगड्यावालीसुद्धा. सगळं दारात यायला लागलंय आक्का. समोरची म्हणाली, “नशीब काढलंस बाई, आमच्याला तर मीठ आणायला सांगितलं तरी कपाळाला आठ्या.”

आत्याबाई म्हणाल्या, “थोरली बी अशीच निघाली होती. आधी दळणाला, मग टपालाला, मग एकदमच.”

थोरली म्हणजे तू. भाऊजींची दुसरी बायको येऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या तिला ‘शिवाची बायको’ म्हणतात. थोरली तूच आहेस. हे तुला कळावं असं वाटलं.

लॉजवर का गेले हे सांगायचं, तर पिंकीचं नाव घ्यावं लागत होतं. नाही सांगायचं, तर लोक आपापलं कारण लावणार. दोन्हीकडून भिंतच. काल रात्रीच्या जेवणाला मी बोलले. शॉवर म्हणजे आंघोळ नव्हे, तो एक कार्यक्रम असतो, इथून सुरुवात केली. मग तो टीव्हीवाला माणूस, त्याचं गरम पाणी, दोघांचं आधार कार्ड, आणि माझे दहा-बारा जण. आक्का, हे हसले. ठसका लागेपर्यंत हसले, मी पाणी दिलं, डोळे पुसून परत हसले. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षात असे हसायचे. मीही हसत होते. आणि हसता हसताच त्यांनी विचारलं,

“पर गडगनेर कुणाचं?”

“पिंकीचं. आक्काच्या पिंकीचं.”

त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

“आपल्या घरात न्हाई,” म्हणाले. “आन् बाहेर आपल्या नावावर बी न्हाई. पंकजा, मला रोज शिवादादाच्या शेजारी उठायचंय. एकाच हिरीचं पाणी हाय आपलं.”

“पोरगी तुमच्याच रक्ताची हाय.”

“म्हणूनच न्हाई,” ते म्हणाले, आणि उठले. ताटात भात तसाच होता.

आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. म्हणाल्या, “थोरलीची पोर? कुठं असती ती आता?”

“परभणीला, लॅबमधी. त्या दिवशी तुमचं रक्त तिनंच घेतलं, आत्याबाई.”

आत्याबाई बाही वर करून कोपराच्या खोबणीत बघत राहिल्या. तिथं आता काही नव्हतं. तरी अंगठ्यानं चोळत बसल्या.

आज सकाळी त्यांनी त्यांची पत्र्याची पेटी उघडली आणि एक हिरवा खण काढून माझ्या पुढ्यात टाकला. “तिला पोचव कुणाच्या तरी हातानं. पर घरात आणू नको.”

मला राग आला. म्हणाले, “का? भाऊकी काय म्हणंल म्हणून?”

“भाऊकी गेली खड्ड्यात. मी रडंन.” पेटीचं झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, “समद्यांच्या समोर रडंन. मग लोक इचारतील, म्हातारे, इतकी वर्सं का न्हाई रडली?”

सेलू, १६ नोव्हेंबर

आक्का,

मागचं पत्र आणि हे एकाच पाकिटात येईल. देवळात जाताना आत्याबाई टपालात टाकणार आहेत. वाचता येत नाही त्यांना, पण पाकीट हातात घेऊन पत्ता कुठल्या बाजूला आहे ते दोनदा विचारून घेतलं.

पिंकीनं मला मोकळं करायचा प्रयत्न केला. फोनवर म्हणाली, “मावशी, सोड. पोरी रूमवरच केक आणणार हायत. तू फोनवरून बघ मला. तू मनाला लावून घेऊ नको, तू म्हणालीस यातच सगळं आलं.” किती समजूतदार बोलत होती. आपण दोघी आईशी असंच बोलायचो, आठवतं? नवीन परकर कुणाला हवाय, जुनाच बरा, असं. तिच्या तोंडी ते ऐकून मला फोन धरवेना.

मग आज सकाळी आत्याबाई ह्यांना म्हणाल्या, “डॉक्टरनं रक्त तपासाय परत बोलीवलंय. शुक्रवारी. पंकजाला संगं नेते, मला एकटीला गाडीत चढवत न्हाई.”

डॉक्टरनं असं काही सांगितलेलं नाही. ह्यांनी विचारलं, गुरुवारी का नाही, गुरुवारी दुकानातला माणूस मोकळा असतो. आत्याबाई म्हणाल्या, “गुरुवारी अमुशा हाय.” मी भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. अमावास्येला रक्त तपासायला काय होतं? अमावास्या टाळतात ती शुभकार्याला. ह्यांच्या ते लक्षात आलं नाही. बायकांच्या दवाखान्याच्या गोष्टी पुरुष फार ऐकत नाहीत, एवढी एक फट आहे आम्हाला.

तरी मी अजून लहानच विचार करत होते. ह्यांची पाठ वळल्यावर आत्याबाईंना म्हणाले, तुम्ही लॅबच्या बाकावर बसा, मी पिंकीला खाली कॅन्टीनमध्ये नेऊन उभ्या उभ्या ओटी भरते.

“कॅन्टीनात पाट कुठं मांडशील?” त्या म्हणाल्या. मग दुसरीकडं बघत म्हणाल्या, “मी काय बाकावर बसायची न्हाई. पॅसिंजर तशीच फुडं पिंगळीला बी थांबती म्हणं.”

तर आक्का, मला जागा सापडली आहे. ती पिंगळीला आहे, आणि ती तुझी आहे.

रीत मला माहीत आहे. नवरीचं गडगनेर तिच्या स्वतःच्या घरी होत नाही. लग्नाआधी तिनं दुसऱ्याच्या घरी जेवायचं असतं, म्हणजे सासरी जाताना तिला कळतं की आपली किती घरं आहेत. म्हणून असं करता येईल का बघ. शुक्रवारी दुपारपुरतं ते घर माझं आहे असं धरायचं. पिंकीला रजा टाकायला सांग. पुरण मी तिथंच घालीन, तुझ्या पातेल्यात, तुझ्या गॅसवर. डाळ आणि गूळ मी आणीन. तेवढा वेळ तुम्ही दोघी शेजारी कुणाकडं जाऊन बसा. पाट मांडून, रांगोळी काढून झाली की मी दारात येऊन उभी राहीन आणि तुम्हाला म्हणेन, या. मी आजवर कुणालाही माझ्या दारात उभं राहून ‘या’ म्हटलेलं नाही. आमच्याकडं आत्याबाई म्हणतात, नाहीतर हे म्हणतात. मी आतून पाणी आणते.

आता ते दुसरं वाक्य. फाटकापासून दोन पावलं गेल्यावर तू वळलीस आणि म्हणालीस, “ज्या दिवशी कुणाला न इचारता त्या दारातून निघशील, त्या दिवशी माझ्या दारात ये. तवर येऊ नको.”

मी विचारूनच निघणार आहे. तेही खोटं कारण सांगून, आणि ते खोटंसुद्धा माझं नाही, आत्याबाईंचं आहे. सोबत तीच बाई असेल जिनं चौकटीला हात लावून तुला अडवलं होतं. आणि ह्यांच्या रात्रीच्या जेवणाच्या आत आम्हाला परत यायचं आहे. हे तुला आधीच सांगते, म्हणजे मला ट्रेनमधून उतरताना बघून तुझ्या मनात दुसरं काही यायला नको. पंकू निघाली, असं तुला एक क्षणभरही वाटायला नको. मी परत याच घरात येणार आहे. शनिवारी सकाळी भाजीवाला दारात येईल आणि मी त्याच्याकडून मेथी घेईन.

पिंकी लग्न करून चुडाव्याला जाईल तेव्हा मी मांडवात नसेन. शिवप्रसादभाऊजी तिथं असोत की नसोत, मला कुणी पाठवणार नाही. मला मिळाली तर ही एक दुपार आहे.

तू नाही म्हणशील हे धरूनच लिहिते आहे. तुझ्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. निरोप पिंकीजवळ दे. ती ‘लॅब’वरून कळवील, रिपोर्ट आला नाही म्हणून, आणि मी समजेन. मग आम्ही दोघी परभणीलाच उतरू आणि खरोखर रक्त देऊन येऊ.

आत्याबाईंना मी सांगून ठेवलंय की तिथं कुठल्या चौकटीला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, “लावत न्हाई. पर तिनं आत घेतलं तर ना.”

आक्का, एका दुपारपुरतं तुझं दार मला देशील?

तुझी
पंकू